शेवटचं पॉलिश

एलॉयकाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे काका. अडतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण आमच्या एस्पान्योला गावात लोक त्यांना ओळखतात ते त्यांच्या त्रेसष्ट सालच्या लाल इम्पाला गाडीमुळे. बॉनेटवर ग्वादालूपेच्या मातेचं चित्र आहे. त्यांच्या धाकट्या भावानं, बेलार्मिनोनं, ते रंगवलं आणि त्याच वर्षी तो गेला.

फेब्रुवारीत गाड्या रंगवणाऱ्या ऑर्लांडोनं गाडीला पॉलिश केलं. दर पॉलिशला रंगावरचा पारदर्शक थर थोडा झिजतो. त्यानं बॉनेटवर थराची जाडी मोजायचं यंत्र टेकवलं आणि म्हणाला, "काका, आता बास. पुढच्या वेळी मशीन फिरवलं तर मातेचा चेहराच निघून येईल."

तेव्हापासून काका ती चकाकी टिकवण्यातच दमतात. दोन बादल्या, एक साबणाची आणि दुसरी फडकं खळबळायला. फडकं सरळ ओढायचं, गोल फिरवायचं नाही. कोरडं फडकं तर गाडीजवळ आणायचंच नाही, इथली धूळ काचकागदासारखी आहे. विहिरीच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचं पाणी दुकानातून विकत आणलेलं. स्वतः मात्र विहिरीचंच पितात. उजवा खांदा दुखतो, हात वर गेला की कण्हतात.

"अहो, चाळीस वर्षांत माझी पाठ कधी एवढ्या मायेनं चोळली नाहीत," कॉर्डेलियाकाकू पायरीवरून म्हणतात.

"तुझ्या पाठीवर कावळे बसत नाहीत."

मे महिन्यात माझ्या मुलीला, मरीसाला, पंधरा वर्षं पूर्ण होणार होती; आमच्याकडे मुलीचा हा वाढदिवस लग्नासारखा थाटात करतात, आधी चर्चमध्ये, मग हॉलवर. चर्चपासून हॉलपर्यंत तिला याच गाडीतून न्यायचं ठरलं होतं. मला झोप येईना. त्या रस्त्याच्या कडेला दरवर्षी अपघातात गेलेल्यांचे नवे क्रूस उभे राहतात, त्यातले निम्मे पोरांचे. आणि इम्पालाच्या मागच्या सीटला पट्टा नाही.

गुड फ्रायडेला मी चिमायोच्या चर्चला यात्रेसाठी चालत गेले आणि तिथली पवित्र माती पिशवीत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले, तर गाडी अंगणात उघडी होती आणि काका आत जेवत होते. मी चिमूटभर माती काढली, बॉनेटवर क्रूस काढला. वाऱ्यानं उडून जाईल म्हणून तळव्यानं नीट चोळली.

काका कॉफीचा कप घेऊन बाहेर आले.

"काय लावलंस?"

"चिमायोची माती. मरीसासाठी."

त्यांनी कप जमिनीवर ठेवला. "चोळलीस?"

"हो."

"जोरात?"

मी मातीनं माखलेला तळवा पुढे केला.

त्यांनी विकतच्या पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि हात न लावता हळूहळू ओतल्या. माती वाहून गेली. उन्हात मातेच्या गालापासून जोडलेल्या हातांपर्यंत केसांसारखे बारीक ओरखडे दिसले. काकू बाहेर आल्या. त्यांनी पाहिलं आणि त्या आत गेल्या.

"ऑर्लांडोला बोलावूया," मी म्हटलं. "तो बॉनेट नव्यानं रंगवून देईल."

"मग बेलार्मिनो कुठे राहील?" काका म्हणाले. ते रागावले नव्हते, नुसते थकलेले होते. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

वॅक्सनं ओरखडे बुजतात, पण इथल्या उन्हात वॅक्स तीनच आठवडे टिकतं. म्हणून आता दर तिसऱ्या शनिवारी काका बॉनेटला वॅक्स लावतात. मरीसाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीही लावलं. कुणाला काही दिसलं नाही. मी गाडीत तिच्या शेजारी बसले होते, सगळा रस्ता तिच्या पोटावर आडवा हात धरून. "आई, फोटोत तुझा हात येतोय!" ती चिडून म्हणत राहिली.

मी दर वेळी मदतीला जाते आणि काका मला बादलीसुद्धा उचलू देत नाहीत. आज मात्र त्यांचा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. दोनदा प्रयत्न करून त्यांनी वॅक्सची डबी माझ्याकडे दिली.

"चेहरा तू कर. बोटांनी. दाबू नकोस."

मी इतकं हलकं लावत होते की वॅक्स बोटावरच राहिलं.

"अगं, घाबरून कसं लागेल? टेकव की जरा," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले.

पूर्ण व्हायला दीड तास लागला. घरी येऊन मी कॅलेंडरवर पुढच्या तिसऱ्या शनिवारी खूण केली. मग डिसेंबरपर्यंतच्या अशा सगळ्याच तिसऱ्या शनिवारांवर केली.