कोंडाजीचा गोट्यांचा कोबा

कुंभिवलीचा कोंडाजी स्वतःला घाट बांधणारा म्हणवून घ्यायचा. खरं सांगायचं तर बोरघाटात आगगाडीचा रस्ता चालला होता तेव्हा त्यानं मजुरांना पाण्याची कावड वाहिली होती. दगडाला त्याचं अंग लागलं असेल तर ते बसण्यापुरतं! पण गप्पा अशा मारायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, बोगदे यानंच दातांनी पोखरले.

त्याची बायको बायजा मात्र खरी कामाची. ओटी सारवून सारवून तिचे गुडघे पार गेले होते. एक दिवस तिनं शेणाची पाटी खाली आदळली.

"अवो, आता माज्यानं नाय वाकवत. आपल्या पोराची, जयवंताची सोयरीक बोलायला पावणे येतील, त्यांना काय धुळीत बसवू?"

खांब धरून ती कशीबशी उठली, तसा कोंडाजीनं पुढं होऊन पाटी उचलली. तो म्हणाला, "कर्जत ठेसनात चुन्याचा कोबा हाय, तसा घालतो तुला. पुन्यांदा शेणात हात नाय घालायचा."

गावात चुना मळायचं काम नागू करायचा. तो म्हणाला, "दादा, काळा दगड फोडून खडी घाला. कोपरे असले की चुना धरून ऱ्हातो."

"घाट बांधलाय मी! तू मला दगड शिकवतोस व्हय रं?"

आणि हे महाशय निघाले पाताळगंगेच्या पात्रात, सून पसंत करायला निघाल्यासारखे. एकेक गोटा उचलायचा, फिरवायचा, गालाला लावून बघायचा. जरा कुठं कोपरा टोचला की परत नदीत! कोपऱ्याचा दगड भांडखोर, गोटे कसे गोडीगुलाबीनं राहतात, असं त्याचं शास्त्र. गाडीभर गोटे दारात ओतले तेव्हा बायजा कपाळावर हात मारून म्हणाली, "शेवाळ हाय त्यांच्यावर. धुवा तरी!"

"जल्म नदीत काढला त्यांनी. आजून काय धुवायचं?"

बायजा फस्सकन हसली. झालं! कोंडाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नागूच्या आणि जमलेल्या शेजारणींच्या देखत तो गरजला, "ह्यो कोबा फुटला तर जल्मभर ओटी मी सारवीन! ही बसंल पाय पसरून!"

चुना, वाळू आणि गोटे मळून ओटीवर पसरले. शेजारणी कोबा ठोकायला लाकडी चोपण्या घेऊन बसल्या. इथं हाणलं की गोटा तिथं डोकं वर काढायचा. शेजारची शकू हसून हसून लोळायची बाकी राहिली. "दादा, कोबा हाय का बेडकांचं डबकं?" शेवटी कोंडाजीनं वरून चुन्याचा जाड हात फिरवला आणि सगळे बेडूक झाकून टाकले. ओटी पांढरीशुभ्र दिसायला लागली. मग काय, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारमारून दाखवायचा.

पावणे आले. मुलीचा बाप भिवाजी, देहानं भरभक्कम. सुपारीचं ताट हातात घेऊन तो उभा राहिला, टाच दाबली, खालचा गोटा गरकन फिरला आणि भिवाजी ताटासकट आदळला. सुपाऱ्या एकीकडं, गोटे दुसरीकडं. जयवंताचं तोंड पांढरं पडलं.

बायजा खांब धरत बाहेर आली. कोंडाजीच्या पुढ्यात तिनं शेणाची पाटी ठेवली.

कोंडाजीच्या जिभेवर सगळी कारणं तयार होती. चुना कच्चा, नागू चोर, पावणा जड. पण त्याला खांबावरचा तो हात दिसला. मुकाट्यानं त्यानं धोतर खोचलं, गुडघे टेकले आणि भर पावण्यांत पुरुषासारखा पुरुष ओटी सारवायला लागला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

भिवाजी कंबर चोळत उठला आणि म्हणाला, "सोयरीक पक्की समजा. पन असला कोबा आमच्याकडं बी घाला, माजी सासू यायची हाय."

पुढं कोंडाजीनं स्वतः काळा दगड फोडला, बोटं ठेचून घेतली, खडी धुतली आणि नवा कोबा घातला. तो टिकला. खांबाजवळ मात्र पाटाएवढी जागा त्यानं मातीचीच ठेवली. बोललो ते बोललो, म्हणाला. दर सणाला तेवढं तो सारवायचा आणि बायजा पाय पसरून हुकूम सोडायची, "कडंला ऱ्हायलं. डोळं फुटलं का?"

बायजा गेली. पुढच्या दसऱ्याला सून म्हणाली, "मामंजी, ह्या वयात कशापायी वाकता? तिथं बी कोबा घालून टाकू."

"तुज्या सासूला इचार आदी," म्हातारा खेकसला.

सारवून झालं. त्यानं खांबाकडं पाहिलं.

"ऱ्हायलं का गं कुठं?"

मग पुन्हा वाकून त्यानं कडेला हात फिरवला.