काकांची मांडीवरची थाप

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकांइतकं भांडखोर कुणी नाही. मीटिंगमध्ये ते सेक्रेटरीला घाम फोडतात. पण समोरच्याचं म्हणणं खरं वाटलं, की मांडीवर थाप मारून भर सभेत म्हणतात, "पटलं बुवा!" आणि वर मनापासून हसतात.

माणसांशी वाद घालणाऱ्या एआय मशीनचे नियम लिहिणं ही माझी नोकरी. परवा मोबाइलवरचं ते मशीन मी हौसेनं काकांपुढे ठेवलं. काकांनी पाण्याची टाकी धुतली नसल्याचा मुद्दा काढला. मशीननं गोड शब्दांत पुरावा मागितला. काकांनी फोटो दाखवला, तर फोटो कधीचा ते विचारलं. तेही सांगितलं, तर तिसरंच काहीतरी काढलं. काकांचा आवाज हळूहळू उतरत गेला.

"बरं बाबा, पटलं," ते म्हणाले.

मांडीवर थाप पडली नाही.

मोबाइल परत देताना त्यांनी विचारलं, "याला कधी आपलं पटतं का रे?"

माघार घ्यायची नाही, हा नियम मीच लिहिला होता.

"शिकतंय अजून, काका," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडे बघवेना म्हणून मोबाइलची काच पुसत बसलो.