भिंतीपलीकडचं वायफाय

मला राग आला की हात आधी उठतो, डोकं मागून येतं. त्या सकाळी मी लॅपटॉपच्या झाकणावर बुक्की मारली, तेव्हा बायको चुलीपुढून एवढंच म्हणाली, "मारा. त्यो उलटून मारनार नाय."

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. चार दिवसांपूर्वी आमच्या देवळात माझ्या थोरल्या भावाला पाच जण मारत होते आणि मी माझा हा हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला. दादाच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. गावातल्या एका विधवेच्या शेताची वाट गावकीनं बंद केली म्हणून दादानं तहसीलला अर्ज दिला. तो अर्ज टाइप केला मी. शाळेत जन्मभर कारकुनी केलेली, अर्जाची भाषा मला तोंडपाठ. देवळात गावकीच्या सभेत विचारणा झाली, "अर्ज कुनी लिवून दिला?" सातवी शिकलेला माझा भाऊ म्हणाला, "मीच लिवला."

पहिली काठी त्याच्या कानशिलावर बसली, दुसरी मानेवर. तो कोसळला आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. मग लाथा. लहानपणी ज्यांच्याबरोबर करवंदं खाल्ली त्या माणसांनी त्याच्या बरगड्या तुडवल्या, आणि दर लाथेला तोंडातून लाकूड फोडताना निघतो तसा हुंकार काढला. मी एक शब्द बोललो नाही. भित्रा होतो, दुसरं कारण नाही.

रक्त फरशीवर असतानाच ठराव झाला. दादाचं घर वाळीत. त्याच्या घरचं पाणी नाय, विस्तव नाय, बोलणं नाय. मागून कुणीतरी विचारलं, "आनि त्याचा वायफाय?" दोघं-तिघं हसले. गावप्रमुखानं माझ्याकडं रोखून बघितलं आणि म्हणाला, "त्ये पन." इंटरनेटची तार फक्त दादाकडं आली होती आणि भिंतीतून ते मी फुकट वापरतो, त्याच्यावरच परगावच्या लेकीशी रोज व्हिडिओवर बोलतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सगळे पांगल्यावर मी दादाच्या फुटलेल्या डोक्याचे फोटो काढले, मग वहिनीच्या मदतीनं त्याला दवाखान्यात न्यायला जीपमध्ये घातलं. तेवढी कारकुनाची बुद्धी शाबूत होती. पण घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर लॅपटॉपवरून दादाचं नेटवर्क तोडून फोनचा हॉटस्पॉट लावला. गावकीचा हुकूम मी इतक्या तत्परतेनं पाळला.

पोलिसांनी पाचांना धरलं. गाडीत चढताना त्यातला एक वहिनीला ओरडून म्हणाला, "सुटलो की उरलेलं पुरं करतो." तो बोलला तसं करणारा माणूस आहे. त्या सकाळी मी गोठ्यात लपून दादाची बाजू मांडणाऱ्या महाडच्या वकीलबाईंना फोन केला आणि साक्ष द्यायला तयार झालो. त्या म्हणाल्या, "सहीचा जबाब आणि मूळ फोटो ईमेलनं पाठवा. आज जामिनाची सुनावणी आहे. बारापर्यंत आलं नाही तर ते पाच जण संध्याकाळी गावात असतील." खाली दरड आली होती, एसटी बंद. ईमेलशिवाय वाट नव्हती, आणि माझा ईमेल फक्त लॅपटॉपवर.

आणि ईमेल जाईना. आउटबॉक्समध्ये तसाच बसून राहिला. 'सर्व्हरशी संपर्क तुटला', दर वेळी तेच. महाडला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना फोन लावला.

"काका, प्रोग्राम पूर्ण बंद करून उघडा."

उघडला.

"ऑफलाइनवर खूण आहे का?"

होती. काढली. तरी नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी नाही. साडेअकरा वाजले. मी त्या बाईंना नको ते बोललो, त्यांच्या दुकानाला आणि सात पिढ्यांना. त्यांनी ऐकून घेतलं.

"ओरडून झालं? आता आधी ज्या नेटवर्कवर चालत होतं, त्याच्यावर लावून बघा. तिथं गेलं तर प्रोग्राम बरा आहे, अडतंय ते तुमच्या हॉटस्पॉटमध्ये."

मी भिंतीकडं बघितलं.

"काका, जुनं नेटवर्क आहे ना अजून?"

होतं. पण वहिनीनं वायफायचा डबा पलीकडच्या खोलीत, दवाखान्यातून घरी आणलेल्या दादाच्या खाटेपाशी हलवला होता. भिंतीतून सिग्नलची जेमतेम एक काडी दिसत होती, तीही जात-येत. मी उठलो, लॅपटॉप काखेत मारला आणि पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत, दादाच्या पडवीकडं निघालो.

गावप्रमुखाचा भाऊ रस्त्यात उभा होता. "पाय आत टाकलास तर तू बी वाळीत," तो म्हणाला. मी पाय टाकला. काठी पाठीवर बसली. मी पडवीत गुडघ्यांवर बसलो, लॅपटॉप पोटाशी धरून उघडला. पासवर्ड न विचारता तो आपसूक जोडला गेला. दुसरा फटका कोपरावर, बोटं बधिर झाली. डाव्या हातानं 'पाठवा' दाबलं. तिसऱ्या फटक्याला मी काठी धरली, त्याला खेचलं आणि त्याच्या नाकावर डोकं हाणलं. नाक मोडल्याचं माझ्या कपाळाला कळलं. त्याचं रक्त माझ्या सदऱ्यावर उडालं आणि मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फक्त चार दिवस उशीर झाला होता.

खिशातल्या चालूच असलेल्या फोनमधून दुरुस्तीवाल्या बाई विचारत होत्या, "काका, गेलं का?"

गेलं होतं. बाराला दहा कमी होते. त्या पाचांना त्या दिवशी जामीन मिळाला नाही, पण हे मला संध्याकाळी कळलं. त्या घडीला मी आत जाऊन दादाच्या खाटेपाशी बसलो. त्याच्या डोक्याला पट्टी, एक डोळा मिटलेला, जबडा सुजून वाकडा. दारात माणसं जमली होती. 

"दादा, पासवर्ड का नाय बदललास?"

त्याला बोलायला त्रास होत होता. "तुझी पोर रोज त्याच्यावरच फोन करते ना रे," तो म्हणाला. "तुझं थोबाड दिसलं नाय तर घाबरंल ती."

मी रडलो. दारातले बघत होते, तरी रडलो. वहिनीनं काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढं केला. मी दाराकडं तोंड करून बसलो आणि त्या घरचं पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.