ओहोटी, काळी एक

दुपारचे तीन वाजलेत. हेमांगी दातीर हेडफोन काढून गळ्यात अडकवते आणि टेबलावरच डोकं टेकते. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावते. डोळे मिटतात, पण कानातली व्हायोलिनं काही थांबत नाहीत.

कोल्हापुरातल्या घराच्या माडीवर ती जुन्या ध्वनिफिती साफ करून देते. सकाळपासून यंत्रावर आहे ती साळगावकरमास्तरांची ‘ओहोटी’. बावीस वादकांचा वाद्यवृंद, फितीवर अकरा मिनिटं. मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची मुलगी, मीनाक्षीताई, वडिलांच्या रचनांचा संच काढतेय आणि संध्याकाळपर्यंत तिला ही हवीय.

लोकांना ठाऊक आहे ती ‘ओहोटी’ पेटीच्या पांढरी दोन पट्टीतली. चपळ, उमेदीची. मास्तरांनी वाजवून घेतली होती ती काळी एकमधली, अर्ध्या स्वराने खाली, संथ, उदास. बत्तीस वर्षांपूर्वी रेडिओवरच्या कार्यक्रमात अकराच मिनिटं उरली होती आणि रचना चाळीस सेकंदांनी लांब होती. फितीचा वेग वाढवणारा हात तेव्हा तिथे फिती लावणाऱ्या हेमांगीचा; वेगाबरोबर सूरही चढला. तीच प्रत गाजली. हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

“हेमा, ऊठ. वादक येऊन बसलेत.”

दारात मास्तर उभे आहेत. ते आले याचं तिला नवल वाटत नाही, उशीर झाला याचीच धास्ती वाटते. ती धडपडत जिना उतरते, तर खाली एसटी स्टँड. बाकांवर बावीसजण मांडीवर वाद्यं घेऊन बसलेत आणि सगळ्यांचे पाय हलतायत. चहावाला पेला पुढे यायच्या आतच चहा ओततोय. घड्याळाचा काटा पळतोय.

“ते चाळीस सेकंद कुठे ठेवलेस?” मास्तर विचारतात. रागाने नाही. चष्मा कुठे ठेवलास, असं विचारावं तसं.

“इथेच होते, मास्तर.” ती पर्स उपसते. मग खण उघडते. खण मास्तरांच्या स्वयंपाकघरातला आहे, आत नुसते चमचे. मागे मास्तर पाटावर बसलेत, पुढ्यात पेटी. फडताळातल्या रेडिओवर ‘ओहोटी’ धावतेय. मास्तर काळी एक दाबतात. सूर जुळत नाही. पांढरी दोन दाबतात. जुळतो.

हेमांगीच्या हातून चमचे निसटतात.

“तुम्हाला कळलं होतं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

मास्तर भाता हलवत राहतात. “चार दिवसांनी पत्रं आली. आयुष्यात पहिल्यांदा आली, पोरी. काय उभारी आहे म्हणे! बासरीवाला विचारायला आला, मास्तर, आपण असं वाजवलं होतं? मी म्हटलं, हो. एकदा हो म्हटल्यावर…”

“मी तीनदा दारापर्यंत आले होते. माफी मागायला.”

“ठाऊक आहे. मी आतून कडी लावून बसलो होतो. तू कबूल केलं असतंस, तर मलाही खरं बोलावं लागलं असतं.”

तिच्या पायांना गार लागतं. फरशीवरून पाणी मागे सरकतंय, भिंत नाही, नुसती ओली वाळू लांबवर. वादक घोटाभर पाण्यात सूर लावून थांबलेत. मास्तर व्हायोलिनच्या गजाला राळ चोळतायत.

“आता काय करू मी?”

“मला नको विचारूस. मी भित्रा निघालो.” मग ते तिचं मनगट धरतात. “फार तर लय देतो. घे. एक…”

ती हात उचलायला जाते. ते घट्ट धरून ठेवतात.

“थांब. दोन अजून आलेला नाही.”

तिला धीर धरवत नाही. एक आणि दोनच्या मधे एवढी जागा? पाणी ओसरतंय, कुणीतरी घाई करायला हवी. ती हात ओढते, मास्तर सोडत नाहीत, आणि बावीस माणसं एकदम श्वास घेतात…

फोन वाजतोय. पंख्याखाली कागद फडफडतायत. सव्वातीन.

“हेमांगी, झालं का गं?” मीनाक्षीताई विचारते.

“झालंय.” ती सरळ बसते. मग म्हणते, “नाही ताई. आधी एक सांगायचंय.”

आणि ती सांगते. अकरा मिनिटं, चाळीस सेकंद, वेगाची कळ, तिचा हात. सांगताना दोनदा अडखळते.

“बाबांना माहीत होतं?”

झोपेत भेटले म्हणून सांगायचं? हेमांगी कपाळाचा घाम पुसायला उजवा हात वर नेते आणि तो तसाच थांबतो. मनगटावर तीन बोटांचे पांढुरके ठसे आहेत. ती हुंगते. राळ. या माडीवर कधी कुणी व्हायोलिन आणलेलं नाही.

“होतं,” ती म्हणते.

“मग त्यांची ऐकव मला. खरी.”

हेमांगी फोन यंत्राजवळ ठेवते. वेग उतरवायची कळ उजवीकडे आहे, पण ती डाव्या हाताने फिरवते. उजवा हात तिने मांडीवर उताणा ठेवलाय, कशालाच लागू न देता.