टेपचं दुसरं टोक

ऑफिसचं कपाट आवरताना जुना कापडी टेप सापडला आणि त्याच्या टोकावरचा गंधाचा पिवळट डाग पाहून हात थांबला. बनारसमध्ये पायी चालणाऱ्यांसाठी रस्ते सुधारायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं, आणि एका सकाळी मी ब्रह्मा घाटाजवळची, गंगेवरून वर येणारी चढाची गल्ली मोजत होतो. एका घराबाहेरच्या दगडी ओट्यावर आपल्याच मराठी मंडळींतले एक वृद्ध गुरुजी स्नानाहून परतताना टेकले होते. ओलं धोतर, शेजारी गंगाजळाचा तांब्या, धाप लागलेली. "एकटाच आहेस? आण, मी पकडतो," म्हणत त्यांनी गंधाच्या बोटांनी टेपचं टोक ओट्याच्या कडेला दाबून धरलं. "चालणाऱ्यांची सोय होईल ना रे?" "होईल की, गुरुजी," मी म्हणालो आणि वहीत लिहिलं: ओट्याचा अडथळा, काढावा. माझ्या तक्त्यात चालणाऱ्यांसाठी रकाना होता. गुरुजी बसलेले होते, म्हणून मी त्यांना त्यात धरलंच नाही. काही महिन्यांनी पाहणीला गेलो तेव्हा ओटा नव्हता, गल्ली रुंद झाली होती, पण गुरुजी दिसेनात. समोरची फुलवाली म्हणाली, "अब घर पर ही नहा लेते हैं. बीच में बैठें कहाँ?" वर गल्लीच्या टोकाला त्यांचं घर तिने दाखवलंही. मी गेलो नाही. अहवालात 'काम समाधानकारक' लिहून मोकळा झालो. आज तो डाग नाकाशी नेला, वास कधीच उडाला होता. त्या सकाळी मात्र मी 'झालं' म्हणेपर्यंत गुरुजींनी हे टोक सोडलं नव्हतं.