हिची आज, माझी उद्या

मंडळी, संसारात लोणच्याच्या बरण्या आणि प्रवासातले किस्से कधी साठत जातात, ते कळत नाही. बरणी निदान पुसून मांडणीवर ठेवता येते. किस्सा मात्र कोणाला तरी सांगितल्याशिवाय स्वस्थ बसू देत नाही. नेरहून उमरखेडला मी आणि आमची सुशीला, असे उभयता गाडीने गेलो, त्या एका दिवसाने तर असा गोंधळ घातला, की आजही जपमाळ फिरवता फिरवता मणी चुकतो.

आमच्या घराण्याचा नेम असा, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचे नाही. आमची मनीषा उमरखेडला दिलेली, एसटीत कंडक्टर. इतकी वर्षे आम्ही जायचो आणि कोरड्या तोंडाने परतायचो. विहीणबाई तांब्या घेऊन उभ्या, लेक खाली मान घालून उभी. यंदा भगवंताने कृपा केली, नात झाली. मनीषाची रजा संपत आली, तसे तिने फोनवर बजावले :

"बाबा, परवापासून माही ड्युटी हाय. उद्या तुमी आन् आई माह्या घरी एका पंगतीत जेवाले पाह्यजे. एकानंच जेवलं तं मी ते धरणार नाई!"

\*

गाडी नेरच्या बाहेर पडते न पडते, तोच माझ्या मेहुण्याचा हिला फोन. "बाई, आज एकादशी हाय. ध्यानात हाय ना?"

मी ब्रेकच दाबला! कधीकधी एकादशी लागोपाठ दोन दिवशी येते : पहिल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. आमच्या घरी दुसरी. सुशीलेच्या माहेरी पहिली. लग्नानंतर तिने नाव बदलले, गाव बदलले. माहेरची एकादशी तेवढी बदलली नाही. या वेळी नातीची झबली शिवण्याच्या नादात तिचे तिथीकडे लक्षच गेले नव्हते आणि निघण्याच्या घाईत माझे पंचांग वाचायचे राहून गेले होते.

"मंग आता?" मी विचारले.

"आता काय? माही आज हाय."

"अन् माही उद्या!"

"म्हनजे आज मी उपाशी. उद्या तुमी उपाशी, अन् पोरगी बसमध्ये!"

पुढच्या महिन्यात जेवू, असे त्या लेकीला सांगायला दोघांचीही जीभ रेटेना. फोन हातात होता. लावला कोणीच नाही.

\*

दारव्ह्याला एका हॉटेलात थांबलो. मी आलुबोंडे मागवले, हिच्यासाठी केळी. मालक माळकरी होता. माझ्या गळ्यातील तुळशीची माळ पाहून त्याने विचारले, "काकाजी, काकूंचा उपास दिसते. तुमचा नाई?"

"हिची एकादशी आज. माझी उद्या."

"आसं का! म्हनजे देव येगयेगळे?"

"छे! देव एकच. पांडुरंग."

त्याने कढईतला झारा वर काढून निथळत धरला. मग म्हणाला, "मंग एका घरात त्याले दोन दोन दिवस उपाशी काहून ठेवता?"

मी आयुष्यभर निरूपणे ऐकली आहेत. तरी आलुबोंडे बांधून घेतले आणि गाडी सुरू केली!

\*

दिग्रसला एक बाई उपासाची भगर, म्हणजे वरीचा भात, विकत होती. हिने एक प्लेट घेतली. माझ्या तोंडून निघूनच गेले, "अवं, एकादशीले भगर? आपल्यात चालत नाई!"

"तुमच्यात चालत नाई. माह्या माहेरी चालते. आन् तुमची कुठं हाय एकादशी आज?"

मुद्दा बिनतोड होता. मीही एक प्लेट घेतली आणि खाऊ लागलो. ती बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"बाबाजी, आत्ता तं म्हने चालत नाई. मंग खाऊन काहून राह्यले?"

"माझा उपास नाही, म्हणून खातो आहे."

"म्हनजे ज्याचा उपास हाय त्यानं भगर खाची नाई, अन् ज्याचा नाई त्यानं खाची?" तिने डाव खाली ठेवला. "मंग बाप्पा, मी पहाटपासून शिजवून कोनासाठी राह्यली?"

सुशीला इतकी हसली, की तिला ठसका लागला. मी मात्र अजूनही त्या प्लेटीचे पाप मोजावे की पुण्य, या संभ्रमात आहे.

\*

पुसद मागे टाकून डोंगराला लागलो. एके ठिकाणी रस्ता फुटत होता आणि पाटी कोणी उपटून नेली होती. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेल्या एका गृहस्थाला विचारले, "उमरखेडले कोणता जाते?"

"दोनी जातात. हा लवकर जाते, तो चांगला हाय."

"लवकर जाणारा चांगला नाही का?"

"असंन बी. मी त्या रस्त्यानं कधी गेलोच नाई."

"मग लवकर जातो, हे कसे कळले?"

"जानारा कोनी परत येऊन उशीर झाला म्हनला नाई!"

आम्ही दुसऱ्या रस्त्याने गेलो.

\*

घाटात सीताफळांचे दिवस होते. वळणावर एक म्हातारी बंजारीण टोपली मांडून बसली होती. सुशीलेने फळे निवडता निवडता तिच्यापाशी सगळे गाऱ्हाणे मांडले : लेक, पंगत, दोन एकादशा. म्हातारी मन लावून ऐकत होती.

"तुही आज?"

"हो."

"आन् यायची उद्या?" तिने माझ्याकडे बोट केले.

"हो ना बाई. काय करू मी?"

"मले काय विचारते? तुही आज, यायची उद्या. माही टोपली खपेपर्यंत!"

आम्ही अख्खी टोपली गाडीत घातली. गाडीभर वास सुटला. उपाय मात्र काही सुचला नाही.

\*

उमरखेडला पोहोचलो, तेव्हा पाट मांडून झाले होते. ताटांभोवती रांगोळी होती. पुरणपोळी, वडे, कढी. विहीणबाईंनी तांब्या पुढे केला आणि हिने तो दोन्ही हातांनी घेतला. पाळण्यात नात झोपली होती.

मनीषा तूप वाढायला वाकली. तुपाची धार पोळीवर पडण्याऐवजी ताटाच्या काठावर पडली. "वाढून झालं," ती हळूच म्हणाली आणि उभी राहिली. कोणी घासाला हात लावीना. जावई माझ्याकडे पाहू लागले. मी घसा खाकरला. आता सांगणे भागच होते.

तेवढ्यात सुशीला ताटावरची नजर न काढता म्हणाली, "अहो, आज तिथी कोनती हाय?"

घरातले पंचांग रोज सकाळी मी मोठ्याने वाचतो, हे तिला ठाऊक. मेहुण्याचा फोन तिच्याच कानाशी वाजलेला. मी तिच्याकडे पाहिले. मग लेकीकडे.

"दशमी," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पोळीचा घास मोडला.

मनीषा तुपाची वाटी घेऊन आत गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत होता. बाहेर आली ती आणखी पोळ्या घेऊनच. सुशीलेने दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.

हात धुताना विहीणबाईंनी तिला विचारले, "व्हय विहीणबाई, आमच्या कालेंडरात तं आज एकादशी लिवली हाय. हे दशमी कशी म्हनले?"

सुशीला पदराला हात पुसत म्हणाली, "यायले तिथीतलं काईच समजत नाई. पन एखांद्या दिवशी नवऱ्याचं ऐका लागते!"