न बोलता आणलेली विष्णुक्रांत

आमच्या माळावर एक निळ्या फुलांची वनस्पती उगवते. वैद्य लोक तिला शंखपुष्पी म्हणतात, आम्ही विष्णुक्रांत. जमिनीला चिकटून पसरते, फूल शर्टाच्या बटणाहून लहान, सकाळी उमलतं आणि उन्हं चढली की मिटतं. डोकं शांत व्हावं म्हणून ती वाटून दुधातून देतात. दहावीच्या पोरांना मेडिकलमधून आणून पाजतात ती बाटली हिच्याच नावाची. मीही एक आख्खी बाटली रिचवली आणि गणितात गटांगळी खाल्ली, त्यामुळे माझा हिच्यावर फारसा विश्वास नव्हता. आईचा मात्र होता.

नव्वदीच्या मधल्या काळातली गोष्ट. आम्ही न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर राहायचो. आजोबांच्या वेळी घरात मेंढरं होती. वडिलांनी ती विकून ऊस लावला आणि माळ कॅनॉलपलीकडं पट्टीभर उरला. माझी थोरली बहीण दौंडला दिली होती. तिचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं. दाजी तिला आमच्याकडं सोडून गेले. जरा माणसांत आली की नेतो, म्हणाले.

ताई माणसांत येईना. रडतही नव्हती. दिवसभर पदराचं टोक गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. अधूनमधून उठून कॅनॉलच्या दिशेनं चालू लागायची, आणि आमच्यातलं कुणीतरी घाईघाईनं तिच्यामागं. "कुठं निघालीस?" विचारलं की "कुठं न्हाई" म्हणून मुकाट परत फिरायची. त्या कॅनॉलची आम्हा सगळ्यांना धास्ती बसली होती. शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दुपारीही झोपायची, पण जाग आली की बोटं पुन्हा सुरू.

आईनं घरात ताकीद दिली होती, "बाळाचा इषय काढायचा न्हाई कुणी." झबली-दुपटी तिनं कुठं नेऊन ठेवली देव जाणे. मला याचा भयंकर राग यायचा. जे दुःख ताईला आतून पोखरत होतं ते सोडून आम्ही तिच्यासमोर कांद्याच्या भावावर बोलत बसायचो. पण दुसरं काय बोलावं, हे मलाही कुठं ठाऊक होतं?

मग आईनं विष्णुक्रांतेचा घाट घातला. तिच्या माहेरची रीत अशी, की औषधाचं झाड नुसतं जाऊन उपटायचं नाही. शनिवारी दिवेलागणीला त्याला हळदकुंकू वाहायचं, चार तांदूळ ठेवायचे आणि 'उद्या न्यायला येते, माझ्या लेकीसाठी चल' असं आवतण द्यायचं. रविवारी उठल्यापासून मुकं राहायचं. आपली सावली पडू न देता झाड काढायचं, आणि औषध दुखणाईताच्या पोटात जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की गुण गेला. असे ओळीनं रविवार करत राहायचं, एक मोडला की सगळं पहिल्यापासून.

आईनं मुकं राहणं म्हणजे काय, ते आमच्या वस्तीला विचारा. एरवी ती भिंतीशीही बोलेल. वडील मुद्दाम तिच्यासमोर खाट टाकून म्हणायचे, "रविवार म्हंजी आपला सणच हाय." आई लाटणं उगारायची, तेही बिनबोलता. आम्ही हसायचो. ताई हसायची नाही.

असे काही रविवार गेले, फरक काही पडेना. पावसाळा सरला, माळ वाळायला लागला. विष्णुक्रांत शोधत आई लांब लांब जाऊ लागली. "आता मोडला तर ह्या वर्साला झाड गावायचं न्हाई," ती वडिलांना सांगत होती.

पुढच्या रविवारी ती झाड पदरात घेऊन आली आणि पाट्यापुढं बसली. मी अंगण झाडत होते. ताई आतून आली आणि आपणहून आईच्या शेजारी टेकली. असं ती दौंडहून आल्यापासून पहिल्यांदाच करत होती.

"आई," ती म्हणाली, "माझ्या बाळाला नाव काय ठिवलं असतं गं आपण?"

आईचा वरवंटा थांबला. तिनं तोंड उघडलं, आणि हातानं दाबून धरलं. दुसऱ्या हातानं ती ताईला 'थांब, थांब' अशा खुणा करत होती. माझ्या हातात झाडू तसाच.

"ताई, आईचं अजून बोलणं न्हाई," मी म्हणाले. "जरा दम धर की."

"व्हय, इसरलेच," ताई म्हणाली.

आई इतक्या घाईनं वाटत होती, की निम्मं पाट्याखाली सांडलं. डोळ्यांतून धार लागली होती, पण पुसायला तिला सवड नव्हती. दूध नीट गाळलंसुद्धा नाही. पेला ताईच्या हातात दिला आणि तिचा घोट गळ्याखाली उतरताना बघत उभी राहिली.

"आता बोल माझे बाई. काय इचारत व्हतीस? बोल."

"काय न्हाई."

"आगं बाळाचं इचारलंस न्हवं? इचार की परत."

"न्हाई. ऱ्हाऊ दे."

ताईनं रिकामा पेला खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. बोटं हलत नव्हती. त्या दिवशी हलली नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. आईनं मला चुलीपाशी ओढून नेलं. तिचा चेहरा उजळला होता. "बघितलंस? हात थांबलं. लागू पडली!" ताईला 'दम धर' म्हणणारी मीच होते; मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

दिवाळीआधी दाजी येऊन ताईला घेऊन गेले. लेकीला गुण आला, हे आईनं चार गावांत केलं. मग बायका यायला लागल्या, कुणाची बहीण अशी, कुणाची सून तशी. आई त्यांना माळावर नेऊन झाड दाखवायची आणि बजावायची, "निस्तं तोंड मिटून ऱ्हायचं, बाकी झाड बघून घेतं." मला तिला अडवता यायचं नाही. ताई खरंच शांत झाली होती. पुढं दोन पोरं झाली, त्यांची बारशी झाली, पाळण्याजवळ ती शांतच बसली होती. त्या पहिल्या बाळाचं मात्र तिनं पुन्हा कुणालाच काही विचारलं नाही.